‘सात दिवस कोंडून ठेवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हेरॉइन सोडवण्याचा एक ‘हमखास उपाय’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. ग्रुपवर आला की मी वर सरकवून पुढे जात होतो. परवा मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइनचाच एक प्रकार, ओढतो, हे घरात सगळ्यांना कळून आता काही महिने झालेत. तिने विचारलं, “दादा, बाहेरून कडी पुरेल, की कुलूपच लावू?” मेसेज तिला जाऊबाईंनी पाठवला होता, ‘नक्की करून बघ’ असं वर लिहून. म्हणून हे लिहितोय, आणि चिडून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. व्यसनी माणसाला सात दिवस खोलीत कोंडा. रक्तातलं विष निघून जातं आणि व्यसन मुळासकट संपतं. डॉक्टरांच्या गोळ्या नकोत, त्या म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं. मनात आणलं तर कुणीही सोडतो, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी नाही का सोडलं? डोस जास्त झाला तर मीठ-पाणी पाजून उलटी करवा, अंगावर गार पाणी ओता. नालोक्सोन (ओव्हरडोस उतरवणारं औषध) घरात ठेवणं म्हणजे नशेला परवानगी. आणि इतकं करूनही पुन्हा घेतली, तर घराबाहेर काढा. खाली सही: ‘एक अनुभवी’.

आधी ते ‘रक्तातलं विष’. हेरॉइन रक्तात काही मिनिटांतच मोडतं, त्याचं मॉर्फिन होतं आणि तेही बहुतेक दिवसभरात निघून जातं. म्हणजे रक्त मेसेजमध्ये सांगितलंय त्याच्या कितीतरी आधी साफ होतं. मग टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जोरात का असते? अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पिळा, उलट्या, जुलाब, पाय झाडणं, रात्र रात्र झोप नाही, हे सगळं रक्त साफ असतानाच होतं. कारण भानगड रक्तात नाहीच, मेंदूत आहे. रोज बाहेरून अफू (हेरॉइन तिच्यापासूनच बनतं) मिळत राहिल्यामुळे मेंदूने आपला सगळा कारभार तिच्या भरवशावर लावलेला असतो. ती अचानक थांबली की तो बिथरतो. ही घडी पुन्हा बसायला आठवडे, महिने लागतात. झोप, मूड आणि नशेची ओढ या तीन गोष्टी तर फार उशिरा जागेवर येतात.

यात अर्धं खरं काय आहे तेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये येऊन सांगेलच. हेरॉइनची शारीरिक टर्की साधारण आठवड्याभरात ओसरते, आणि एरवी धडधाकट असलेला माणूस तिने सहसा मरत नाही. ‘सहसा’. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी संपून कोठडीत माणसं मेलेली आहेत, कारण बाहेरच्यांना वाटलं की नाटक चाललंय. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर गोष्टच वेगळी. त्या एकदम बंद केल्यावर झटके येऊन जीव जाऊ शकतो, आणि हेरॉइन घेणाऱ्यांत असं मिश्रण काही दुर्मीळ नाही. बाई गरोदर असेल तर अचानक तोडणं पोटातल्या बाळासाठी धोक्याचं असतं. ‘अनुभवी’ सद्गृहस्थांनी यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त राग आहे तो आठव्या दिवसाबद्दल. मेसेज सातव्या दिवशी संपतो. माणूस मरतो तो त्यानंतर.

रोज हेरॉइन घेणाऱ्याच्या शरीराला मोठा डोस पेलायची सवय झालेली असते. नवख्याचा श्वास थांबवेल एवढ्या मात्रेवर तो चालता-बोलता असतो. डोस बंद झाला की ही सवय काही दिवसांतच उतरायला लागते. ओढ मात्र तशीच राहते, आणि हाताला जुनाच डोस माहीत असतो. दार उघडलं, एखाद्या वाईट संध्याकाळी जुना मित्र भेटला, आणि याने नेहमीएवढीच घेतली, की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं. माणूस झोपेत घोरतोय असं घरच्यांना वाटतं, आणि श्वास थांबतो.

हा माझा तर्क नाही. २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ जणांचं पुढे काय झालं, ते त्यात तपासलं होतं. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातल्या इतर लोकांच्या १२.७ पट निघाला. आणि नशेच्या ओव्हरडोसने मरण्याचा धोका? १२९ पट. एकशे एकोणतीस. तुरुंग म्हणजे दुसरं काय, बाहेरून कुलूप लावलेली खोलीच ना? तीही सात दिवस नव्हे, कित्येक महिने. कोंडल्याने व्यसन मुळासकट संपत असतं, तर सुटून आलेली ही माणसं सगळ्यांत सुरक्षित असायला हवी होती.

‘ते गुन्हेगार होते, आमचा मुलगा तसा नाही’ असं कुणी म्हणेल. ठीक आहे. इंग्लंडमध्ये रुग्णालयात राहून अफूवर्गीय नशा सोडवून घेणाऱ्या १३७ जणांचा छोटा अभ्यास २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. चार महिन्यांत तिघे ओव्हरडोसने गेले. तिघेही कोणत्या गटातले? ज्यांनी उपचाराचा कार्यक्रम पूर्ण केला होता आणि ज्यांची डोस पेलायची सवय पूर्ण उतरली होती, त्या ३७ जणांतले. अर्धवट सोडून गेलेल्यांतला ओव्हरडोसने एकही नाही. आकडा लहान आहे, मान्य, पण दिशा तीच. नुसतं शरीर रिकामं करून माणसाला घरी पाठवणं हा उपचार नाही. पुढची काहीच सोय नसेल तर तो सापळा आहे.

आता गोळ्या. ‘एक व्यसन सोडून दुसरं’ हे वाक्य चांगली शिकली-सवरलेली माणसंही म्हणतात, आणि त्यामागचा संशय अगदीच हवेतला नाही. बायर कंपनीने १८९८ साली हेरॉइन बाजारात आणलं ते खोकल्याचं औषध म्हणून, आणि मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही असं सांगत. अलीकडे ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीच्या बाबतीत तेच झालं. व्यसनाचा धोका कमी असल्याची खोटी जाहिरात केल्याचा गुन्हा त्या कंपनीने २००७ मध्ये कोर्टात कबूल केला. तेव्हा औषध कंपन्यांकडे डोळे वटारून बघा, माझी ना नाही.

पण हेरॉइनऐवजी डॉक्टर जी अफूवर्गीय औषधं देतात, त्या मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिनचं काम वेगळं आहे. हेरॉइन चार-सहा तासांत उतरतं, म्हणून माणसाचा अख्खा दिवस पुढच्या पुडीमागे जातो. त्यातच चोरी, उसनवारी, खोटं बोलणं. ही औषधं संथपणे चढतात, दिवसभर पुरतात. नीट बसवलेल्या डोसवर झिंग येत नाही, टर्की येत नाही, ओढ कमी होते. ब्युप्रेनॉर्फिनचा श्वासावरचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढत नाही, म्हणून ती एकटी घेतली तर तुलनेने सुरक्षित. शरीराला त्यांचीही सवय होते, हो, अचानक बंद केली तर त्रासही होतो. तो तर रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक बंद केल्यावरही होतो, त्यांना कुणी व्यसन म्हणत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही २००५ पासून आहेत. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. मेथाडोनवर असताना वर्षाला दर हजारी सुमारे ११ मृत्यू, उपचार सोडल्यावर ३६. त्याच अभ्यासात हेही दिसतं की मेथाडोनच्या पहिल्या चार आठवड्यांत आणि उपचार सोडल्यानंतरच्या चार आठवड्यांत धोका जास्त असतो. म्हणून हे काम माहीतगार डॉक्टरच्या नजरेखालीच व्हायला हवं. कुणाच्या ओळखीने मिळालेल्या गोळ्या घरी बसून नकोत.

व्हिएतनामचं उदाहरण खरं आहे, आणि ते मेसेजच्याच विरोधात जातं. अमेरिकन संशोधक ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात तिथे व्यसन लागलेल्या सैनिकांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते जेमतेम पाच टक्के. पण त्यांचं सगळं जगच बदललं होतं. युद्ध मागे राहिलं, माल देणारा मागे राहिला, सोबत ओढणारे पांगले. तुम्ही मुलाला ज्या खोलीत कोंडणार आहात, ती बहुतेक वेळा तो जिथे बसून ओढायचा तीच खोली असते. इच्छाशक्ती लागते, कोण नाही म्हणतंय? तिला आधार लागतो एवढंच.

मीठ-पाण्याचा मुद्दा मात्र निव्वळ जीवघेणा आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुप्फुसात जातं. शिवाय हेरॉइन ओढलेलं किंवा टोचलेलं असतं, पोटात नसतंच, मग उलटीने बाहेर काय पडणार? गार पाणी, थोबाडीत मारणं, ओढत फिरवणं, सगळं फुकट घालवलेला वेळ. हाका मारून, छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही जागा होत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, ओठ-नखं निळी पडलीत, श्वास घुरघुरतोय किंवा फार सावकाश आहे, तर तो ओव्हरडोस समजायचा. रुग्णवाहिका बोलवा. नालोक्सोन असेल तर द्या. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. आणि शुद्धीवर आला म्हणून सोडून जाऊ नका. नालोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, नशा त्याहून जास्त टिकू शकते आणि माणूस पुन्हा बुडू शकतो.

नालोक्सोन म्हणजे परवानगी? ते दिल्यावर नशा झटक्यात उतरते आणि टर्की सुरू होते. ते घरात आहे म्हणून कुणी जास्त ओढेल, असं म्हणणाऱ्याने टर्की पाहिलेली नाही. ओव्हरडोस ज्यांच्या डोळ्यांसमोर होऊ शकतो, त्यांच्या हाती ते असावं आणि वापरायचं कसं ते शिकवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय.

घराबाहेर काढण्याबद्दल फार लिहीत नाही. हेरॉइन सोडताना एकदा-दोनदा घसरणं हे नेहमीचं आहे. पैसे देऊ नका, कर्जं फेडू नका, खोटं पाठीशी घालू नका, इथवर ठीक. पण रस्त्यावर एकट्याने घेणाऱ्याला नालोक्सोन देणारं कुणी नसतं.

राहता राहिले ते, ज्यांनी सात दिवस कोंडून मोकळं करूनही टाकलंय. मुलाशी समोरासमोर बसून सांगा, न ओरडता: आता पूर्वीएवढी घेतलीस तर मरशील. सोबत तुम्ही जा, आणि मानसोपचारतज्ज्ञाला गाठा, टर्की संपली म्हणून थांबू नका. सात-दहा दिवस पूर्ण कोरडे गेले असतील तर नालट्रेक्सोनचाही पर्याय असतो, जो नशा चढूच देत नाही. ती अंगात अफू शिल्लक असताना दिली तर भयंकर टर्की उसळते, म्हणून शेवटचा डोस कधी घेतला ते डॉक्टरला खरं सांगा. आणि ही गोळी मध्येच थांबवली तर डोस पेलायची सवय पार उतरलेलीच असते, तेव्हा ती थांबवायची वेळ आली तर काय करायचं, हेही पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.