मसाईंना दिलेला शब्द

जुलै-ऑगस्ट आला की फेसबुकवर केनियातल्या मसाई माराचे अल्बम सुरू होतात. सिंह, चित्ते, नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप, आणि शेवटी लाल शुका गुंडाळून उंच उड्या मारणाऱ्या मसाई पोरांबरोबर आपले काका-काकू. फोटोंबद्दल तक्रार नाही. पण खाली कुणीतरी "किती साधी माणसं, हजारो वर्षं तशीच इथे राहतायत" असं लिहितं, तेव्हा माझं डोकं फिरतं. यातल्या अनेकांच्या आज्या-पणज्यांना इथे हाकलून आणलंय हो!

मसाईंचं सगळं गुरांभोवती फिरतं. एन्काई देवाने जगातली झाडून सगळी गुरं आपल्यालाच दिली, अशी त्यांची श्रद्धा. (शेजाऱ्यांची गुरं वळवून आणताना ही श्रद्धा फार कामी यायची, हेही खरं.) प्यायला रक्त काढायचं तर गाईच्या मानेला पट्टा आवळतात, फुगलेल्या शिरेवर जेमतेम टोक घुसेल असा बाण अगदी जवळून मारतात, धार भोपळ्यात धरतात आणि पट्टा सोडून जखम बुजवतात. गाय पुन्हा चरायला मोकळी. पावसाळ्यात सखल मैदानं, कोरड्या दिवसांत उंचावरची थंड कुरणं, असा त्यांचा फेरा. म्हणजे वर्षातले काही महिने एखादं कुरण रिकामं दिसणारच. गोऱ्या वसाहतवाल्यांना ते पडीक दिसलं.

त्यात १८९०च्या सुमारास गुरांवर बुळकांडीची साथ आली. ती भारतातून नेलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेत शिरली असं बहुतेक अभ्यासक मानतात. मसाईंची बहुतेक गुरं मेली, पाठोपाठ माणसांत देवीची साथ आणि उपासमार. अशा खचलेल्या काळात त्यांचा धर्मप्रमुख लेनाना इंग्रजांच्या बाजूला गेला. मसाई लढवय्ये इंग्रजांच्या मोहिमांवर जात आणि लुटीतली गुरं वाटा म्हणून घेत. १९०४ मध्ये करार झाला: रिफ्ट व्हॅलीतली कुरणं सोडा, उत्तरेचं लायकिपिया आणि दक्षिणेचा प्रदेश तुमचा, मसाई वंश अस्तित्वात असेपर्यंत.

हे "अस्तित्वात असेपर्यंत" सात वर्षं टिकलं. १९११ मध्ये नवा करार, कारण लायकिपियाही गोऱ्यांना हवं होतं. लेनानाने मरताना 'सरकारचं ऐका' असं सांगितलं, हे सरकारी अधिकारीच सांगत सुटले. मसाई पुढारी ओले गिलिशो आणि त्याचे साथीदार कोर्टात गेले. १९१३ मध्ये कोर्ट म्हणालं, हा दोन सत्तांमधला तह आहे, आम्हाला त्यात पडता येत नाही. जमीन घेताना ताबेदार, न्याय मागताना परके!

याच इंग्रज राजसत्तेच्या बाजूने, त्याआधी सव्वाशे-दीडशे वर्षं, अमेरिकेतले काही वसाहतवाले उभे होते. स्वातंत्र्यवाल्यांची क्रांती जिंकली तेव्हा सुमारे ६०,००० राजनिष्ठांनी देश सोडला. त्यांच्यासाठी लंडनने आयोग नेमला, सुमारे ३० लाख पौंड भरपाई वाटली, कॅनडाकडे जमिनी दिल्या. भरपाई पुरली नाही म्हणून ते कुरकुरले, आणि त्यांचं खरंही होतं. पण त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला माणसं बसवली होती! राजाच्या बाजूला आलेल्या काळ्या गुलामांना स्वातंत्र्य मिळालं, जमीन मात्र बहुतेकांना खडकाळ किंवा मुळीच नाही. शेवटी १७९२ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून जवळपास १,२०० जण आफ्रिकेत सिएरा लिओनला निघून गेले. जोसेफ ब्रँट या पुढाऱ्याच्या मोहॉक जमातीने राजासाठी रक्त सांडलं, तर युद्ध संपवणाऱ्या १७८३च्या पॅरिस तहात मूळनिवासींचा उल्लेखसुद्धा नाही. नंतर कॅनडातल्या ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन दिली. आज त्यातली ५ टक्केही त्यांच्याकडे उरलेली नाही.

कुणी म्हणेल, मसाई कुठे राजनिष्ठ होते, ते तर आपल्या गुरांसाठी सौदा करत होते. मान्य. पण अमेरिकेतले राजनिष्ठ तरी निव्वळ प्रेमापोटी राजाकडे होते का? दुकानं, जमिनी, नोकऱ्या, जिवाची भीती, सगळंच होतं. फरक निष्ठेत नव्हता. शब्द दिला गेला तो कुणाला, यात होता. आणि "त्या काळी तसंच चालायचं" हे मला सांगू नका. त्याच्याही शंभरावर वर्षं आधी, त्याच सरकारने दुसऱ्यांची वहीखाती तपासून पैसे मोजले होते.

२००४ मध्ये १९०४च्या कराराला शंभर वर्षं झाली. गोऱ्यांना दिलेले ९९ वर्षांचे भाडेपट्टे संपले, आता आमची जमीन द्या, म्हणत मसाई गुरं घेऊन लायकिपियातल्या रँचवर शिरले. स्वतंत्र केनियाच्या सरकारने पोलीस पाठवले आणि सांगितलं, पट्टे ९९ नाही, ९९९ वर्षांचे आहेत.