शेक्सपिअर अँड कंपनी: नोत्र दामसमोरचं दुकान ते नव्हे

पॅरिसला जाऊन आलेल्यांच्या फोटोंबरोबर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: नोत्र दाम चर्चसमोरचं 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे पुस्तकांचं दुकान 1919 पासून अखंड चालू आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हेमिंग्वे, जॉइस अशी परदेशातून आलेली कफल्लक लेखक मंडळी तिथेच कपाटांमध्ये पथारी टाकत. मालकीण सिल्व्हिया बीच त्यांना पुस्तकं फुकट देत. जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी छापून त्या मालामाल झाल्या. पुढे नाझींनी दुकानाला टाळं ठोकलं, 1944 मध्ये हेमिंग्वेने ते सोडवलं आणि दुकान पुन्हा सुरू झालं.

मजकूर प्रेमाने लिहिलेला आहे, यात शंका नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे आणि प्रत्येक चुकीत त्या बाईंचे कष्ट पुसले जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जागा. सिल्व्हिया बीच या अमेरिकी बाईंचं दुकान नोत्र दामसमोर कधीच नव्हतं. 19 नोव्हेंबर 1919 ला ते द्युपुत्राँ रस्त्यावर 8 क्रमांकाच्या जागेत उघडलं. तिथे आधी लाँड्री होती. 1921 मध्ये ते जवळच ओदेऑन रस्त्यावर 12 क्रमांकात गेलं आणि 1941 च्या अखेरीला बंद झालं ते कायमचं. आज फोटोत दिसतं ते दुकान जॉर्ज व्हिटमन या दुसऱ्या अमेरिकी माणसाने 1951 मध्ये 'ल मिस्त्राल' या नावाने काढलं. सिल्व्हियाबाई 1962 मध्ये वारल्या. त्यानंतर, 1964 मध्ये, व्हिटमन यांनी त्यांच्या स्मरणार्थ जुनं नाव आपल्या दुकानाला दिलं. मुलीचं नावही त्यांनी सिल्व्हिया ठेवलं. हे दुकानही मोलाचंच आहे, पण ती दुसरी गोष्ट आहे.

पथारीचा मुद्दा याच घोटाळ्यातून आलेला. पुस्तकांच्या गराड्यात झोपायचं आणि बदल्यात दुकानात थोडं काम करायचं, ही प्रथा व्हिटमन यांची. हेमिंग्वे बायकोसह भाड्याच्या घरात राहत होता. जॉइस बायकामुलांसह एका भाड्याच्या घरातून दुसऱ्यात बिऱ्हाड हलवत होता. ओदेऑन रस्त्यावर दुकानाच्या वरच्या खोल्यांमध्ये खरोखर राहिलेला कलावंत म्हणजे जॉर्ज अँथाइल, आणि तो संगीतकार होता. किल्ली विसरला की दुकानाच्या पाटीला धरून तो वर चढायचा.

मग लेखकांना तिथे मिळत काय होतं? मिळत होता कायमचा पत्ता. घरं बदलत, पण टपाल 'शेक्सपिअर अँड कंपनी'च्या पत्त्यावर येई आणि ते जपून ठेवलं जाई. अडीनडीला उसने पैसे मिळत. नवीन आलेल्याला कोणाला भेटावं, कुठलं नियतकालिक कविता घेईल, हे कळे. परमुलखात छपराइतकीच या गोष्टींची गरज असते, आणि त्या पुरवायला कोणीतरी रोज गल्ल्यामागे बसावं लागतं. ते काम सिल्व्हियाबाईंनी बावीस वर्षं केलं.

'फुकट पुस्तकं' हे विधान मला सगळ्यात खटकतं. ते दुकान मुळात वाचनालय होतं. युद्धानंतर फ्रँक घसरलेला होता, त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेहून येणारी पुस्तकं पॅरिसमध्ये भलतीच महाग पडत. विकत घेणारे मोजकेच. म्हणून बाईंनी वर्गणीची पद्धत ठेवली: अनामत रक्कम, महिन्यांच्या हिशेबाने वर्गणी, एका वेळी एक पुस्तक हवं की दोन त्यावर दर. गावातल्या वाचनालयात वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. हेमिंग्वे पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या खिशात अनामतीपुरतेही पैसे नव्हते. बाईंनी सवडीने भरा म्हणून सांगितलं आणि त्याला पुस्तकं नेऊ दिली. ही आठवण त्यानेच लिहून ठेवली आहे. म्हणजे नियम होता, आणि माणूस पाहून तो सैल करण्याची समजही होती. उदारपणाची किंमत नियम असतो तेव्हाच कळते. सगळं फुकटच होतं म्हटलं की त्या समजुतीला काही अर्थच उरत नाही.

या वाचनालयाची सभासद-कार्डं आज अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात आहेत आणि आंतरजालावर कोणालाही पाहता येतात. कोणी कुठल्या तारखेला काय नेलं, कधी परत केलं, सगळं हाताने लिहिलेलं. त्यावरून आणखी एक समज गळून पडतो, की हा फक्त अमेरिकी पुरुष लेखकांचा अड्डा होता. अमेरिकी लेखिका गर्ट्रूड स्टाइन सुरुवातीच्या वर्गणीदारांपैकी एक होत्या. फ्रेंच लेखक आंद्रे जीद, फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार, जर्मनीतून परागंदा झालेला विचारवंत वॉल्टर बेन्यामिन, मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरून शिकायला आलेला कवी एमे सेझेर हेही सभासद होते. आणि नाव न झालेले असंख्य साधे वाचक होते, ज्यांच्या वर्गणीवर दुकानाचं भाडं निघे.

सिल्व्हियाबाईंनी हे एकटीने उभं केलं असंही मजकुरात सूचित होतं. तेही नाही. समोरच ओदेऑन रस्त्यावर 7 क्रमांकात आद्रिएन मॉनिए यांचं फ्रेंच पुस्तकांचं दुकान आणि वाचनालय 1915 पासून होतं. सिल्व्हियाबाई हा धंदा शिकल्या त्यांच्याकडे. दोघी एकमेकींच्या जन्माच्या सोबती झाल्या. आईने पाठवलेले साधारण 3000 डॉलर आणि आद्रिएन यांचा अनुभव, हे खरं भांडवल.

आता 'युलिसिस'. न्यू यॉर्कच्या ज्या नियतकालिकात ती क्रमशः येत होती, त्याच्या दोन्ही संपादिकांना 1921 मध्ये अश्लीलतेबद्दल दंड झाला. मग इंग्लंड-अमेरिकेतला कुठलाच प्रकाशक तिला हात लावेना. तोवर एकही पुस्तक न छापलेल्या सिल्व्हियाबाईंनी ती जबाबदारी घेतली. 1000 प्रती, आगाऊ नोंदणी, स्वस्तातली स्वस्त प्रत 150 फ्रँकची. दिजों शहरातले मुद्रक दारांतिएर यांच्याकडे खिळे जुळवणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यात जॉइसने मुद्रितांवर (प्रुफांवर) इतकी भर घातली की जवळजवळ तिसरा हिस्सा पुस्तक तिथेच नव्याने लिहिलं गेलं. दर फेरीला खर्च वाढत होता आणि बाई त्याला अडवत नव्हत्या. 2 फेब्रुवारी 1922 ला, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, दिजोंच्या आगगाडीने पहिल्या दोन प्रती आल्या. अमेरिकेत बंदी असल्यामुळे हेमिंग्वेच्या ओळखीतल्या एकाने कॅनडातून फेरीबोटीने, कपड्यांत लपवून, एकेक प्रत पलीकडे नेली.

आणि पैसा? निव्वळ नफ्याचा 66 टक्के वाटा लेखकाचा, असं ठरलं होतं. शिवाय जॉइस गल्ल्यातून उचल घेत राहिला. दहा वर्षं बाई त्याच्या प्रकाशक, टपाल सांभाळणाऱ्या आणि सावकारही होत्या. 1930 मध्ये लेखी करार होऊन हक्क त्यांच्याकडे आले. पण अमेरिकी प्रकाशनाची शक्यता दिसू लागली तेव्हा त्या जॉइसच्या आड येताहेत असं त्यांना त्याच्या मित्राकरवी ऐकवलं गेलं, आणि त्यांनी हक्क सोडून दिले. डिसेंबर 1933 मध्ये न्यायालयाने पुस्तक निर्दोष ठरवलं, 1934 मध्ये अमेरिकी आवृत्ती आली. त्या आवृत्तीतून सिल्व्हियाबाईंना काही मिळालं नाही. ज्या बाईने पुस्तक जगवलं तिला मालामाल म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो वर्षानुवर्षं पुढे पाठवला जातोय म्हणून मला राग येतो.

तेव्हाची दुकानाची स्थितीही पाहा. मंदीमुळे अमेरिकी लोक परत गेले होते. दुकान बुडायला आलं. 1936 मध्ये जीद यांच्या पुढाकाराने मित्रमंडळ निघालं. वर्षाला 200 फ्रँक वर्गणी, त्या बदल्यात दुकानातच लेखकांचं वाचन. जीद आणि पॉल व्हालेरी, टी. एस. एलियट या कवींनी तिथे वाचलं. आश्रितांनी आश्रयदात्रीला तारण्याची ही वेळ मजकुरात कुठेच नाही.

शेवटी युद्ध. दुकानाला टाळं नाझींनी ठोकलं नाही, बाईंनी दुकानच नाहीसं केलं. त्यांच्या आठवणींप्रमाणे, 1941 च्या डिसेंबरात एका जर्मन अधिकाऱ्याने दर्शनी खिडकीतली जॉइसच्या शेवटच्या कादंबरीची प्रत मागितली. ती एकच उरली होती. बाईंनी नाही म्हटलं. तो पुन्हा आला आणि सगळा माल जप्त करण्याची धमकी देऊन गेला. दोन तासांत मित्रमैत्रिणींनी पुस्तकं टोपल्यांत भरून वरच्या रिकाम्या घरात नेली, फळ्या काढल्या, दारावरचं नाव रंगाऱ्याकडून पुसून घेतलं. त्या काळात दुकानात मदतीला फ्रांस्वाझ बर्नहाइम ही ज्यू मुलगी असे. ती पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात संस्कृत शिकत होती आणि नाझी कायद्यांमुळे तिला वर्गात बसायची बंदी झाली होती. दुकान बंद झाल्यावर तिच्या छातीवर ज्यूंना सक्तीचा केलेला पिवळा तारा आला, तरी बाई तिच्यासोबत रस्त्यात उघडपणे वावरत होत्या. पुढे शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून बाईंना व्हितेलच्या छावणीत सुमारे सहा महिने स्थानबद्ध ठेवलं गेलं.

ऑगस्ट 1944 मध्ये हेमिंग्वे जीपगाड्या घेऊन ओदेऑन रस्त्यावर आला, हे खरं. त्याच्या माणसांनी छपरांवर लपलेले बंदूकधारी शोधले आणि मग तो रिट्झ हॉटेलकडे गेला. दुकान मात्र पुन्हा उघडलं नाही. बाई वरच्या घरात राहिल्या, भाषांतरं केली, 1959 मध्ये आठवणी छापल्या. ओदेऑन रस्त्यावर 12 क्रमांकाच्या भिंतीवर आज एक पाटी आहे. 1922 मध्ये या घरात सिल्व्हिया बीच यांनी 'युलिसिस' प्रकाशित केली, एवढंच तिच्यावर आहे. वाचनालयाचा उल्लेख नाही. पुढच्या वेळी पॅरिसहून मजकूर पाठवाल तेव्हा फोटो त्या भिंतीचा काढा, आणि खाली वर्गणीदारांविषयी दोन ओळी लिहा.