'डोळा दुखत नाही ना, मग काळजी नको' हा मेसेज पुढे पाठवू नका

गेले काही दिवस आपल्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय : धूसर दिसणं म्हणजे नुसती अशक्तता, चष्म्याने नंबर वाढतो, म्हणून तो टाळा, मध आणि कांद्याचा रस घातल्यावर मोतीबिंदू विरघळतो, ऑपरेशन करायचंच तर तो पूर्ण पिकू द्या, आणि डोळा दुखत नसेल तर डॉक्टरकडे जायची गरज नाही. सोलापूरच्या पूर्व भागात मी डोळे तपासते. हा मेसेज मोबाइलवर दाखवत लोक माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

अशक्ततेचं आधी. धूसर दिसणं हे लक्षण आहे. त्याचं मूळ बुबुळात, भिंगात, मागच्या पडद्यात, नसेत किंवा थेट मेंदूतही असू शकतं. घरी एक करून बघा. जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा, एक डोळा झाका आणि दुसऱ्याने भोकातून लांबची पाटी वाचा. अक्षरं स्पष्ट झाली तर बहुधा नंबराचा प्रश्न आहे. झाली नाहीत तर कारण दुसरं असू शकतं, तपासणी लांबवू नका.

चष्म्याने नंबर वाढत नाही. मुलांचा नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबतो म्हणून, आणि चष्मा काढून ठेवल्याने ते थांबत नाही. उलट लहानपणी एका डोळ्याचा मोठा नंबर तसाच राहिला तर तो डोळा आळशी होतो, आणि वय वाढेल तसं ते सुधारणं अवघड होत जातं. चाळिशीनंतर यंत्रमागावर तुटलेला धागा जोडताना हात लांब न्यावा लागतो, तेव्हा भिंगाची लवचीकता कमी झालेली असते. ते प्रत्येकाचंच होतं. त्यासाठी जवळचा चष्मा लावायचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मध-कांद्याबद्दल मात्र मला राग येतो. मोतीबिंदूत भिंगातली प्रथिनं गढूळ होतात, अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर होतो तशी. अंडं परत कच्चं होत नाही. मोतीबिंदू विरघळवणारा कुठलाही थेंब आज सिद्ध झालेला नाही. घरातला मध निर्जंतुक नसतो आणि कांद्याचा रस बुबुळाला झोंबतो. ज्वारी काढताना पात लागून बुबुळावर आधीच ओरखडा असेल, तर असल्या उपायाने तिथे जखम चिघळते. ती भरली तरी पांढरा डाग राहतो, आणि तो नेमका मधोमध असला तर नजर जाते. मेडिकलमधून विचारून आणलेले लाली घालवणारे थेंबही तसेच. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली जाते, पण बुरशीचा संसर्ग आत वाढतो, आणि जास्त दिवस वापरलं तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

'पिकू द्या' हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातला. आता रोजच्या कामाला अडचण झाली की ऑपरेशन करता येतं. फार पिकलेलं भिंग कडक होतं आणि काढायला अवघड जातं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. विडी वळणाऱ्या एक मावशी आल्या. "पानाची शीर दिसंना झालीय ओ, दोन महिन्यांत दोन चष्मे केले." त्यांना म्हटलं, मावशी, आधी साखर तपासून या. खूप वाढलेली निघाली. साखर वरखाली झाली की भिंगात पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नंबर हलतो; ती आटोक्यात येईपर्यंत नवा चष्मा करणं म्हणजे पैसे वाया. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधुमेहात मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या खराब होतात, आणि सुरुवातीला ना दुखतं ना धूसर दिसतं. म्हणून मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासायचाच. काचबिंदूचा नेहमीचा प्रकारही असाच गुपचूप येतो. बाजूची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही.

एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. गड्ड्याच्या जत्रेतल्या दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसताहेत, डोळा लाल होऊन ठणकतोय, उलटी होतेय, तर पहाट होईपर्यंतही थांबू नका. धूसर दिसण्यासोबत तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा. डोळ्यात चुना गेला तर आधी स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं सलग धुवा, मगच निघा.

पैशांमुळे थांबला असाल तर आपल्या सिव्हिलमध्ये डोळ्यांचा विभाग आहे. जाताना जुना चष्मा आणि साखरेचा रिपोर्ट घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात. तेव्हा सोबत कोणाला तरी न्या, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.