ट्रिस्टन दा कुन्हाला पावणेतीन तासांत? आणि विमान उतरणार कुठे?

"जगातल्या सर्वांत एकाकी बेटावर फक्त 2 तास 51 मिनिटांत!" हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण परवा मावसभावाने तो पाठवून वर विचारलं, "आठवड्याची रजा दोन्ही बेटांना पुरेल ना रे?" आता गप्प बसवत नाही.

मेसेजचा दावा असा: दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाहून ट्रिस्टन दा कुन्हा 2,430 किलोमीटरवर आहे, थेट विमान तीन तासांच्या आत पोचवतं, ते हुकलं तर केप टाउनहून हेलिकॉप्टर मिळतं, आणि विमान कंपन्या ही माहिती लपवतात.

अंतराचा आकडा साधारण बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. पण ते नकाशावरचं सरळ अंतर. त्याला ताशी 850 किलोमीटरने भागलं की 2 तास 51 मिनिटं येतात. हा नुसता भागाकार झाला, वेळापत्रक नव्हे.

आता थेट विमान. ट्रिस्टनवर विमानतळच नाही! बेटाच्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर हे स्पष्ट लिहिलंय, जहाजांचं वेळापत्रकही तिथेच आहे. केप टाउनहून सुमारे 2,800 किलोमीटर, समुद्रमार्गे, एका बाजूला निदान सहा दिवस. तिथे पोचल्यावरही जहाज बाहेर नांगर टाकून थांबतं, कारण कॅलशॉट बंदर चिमुकलं आहे. समुद्र खवळलेला असेल तर बेट समोर दिसत असतं आणि उतरता येत नाही. 1961 साली तिथला ज्वालामुखी जागा झाला तेव्हा अख्खी वस्ती होड्या आणि जहाजानेच हलवावी लागली. आजही बेटावर न होणाऱ्या उपचारांसाठी रुग्णाला जहाजाचीच वाट पाहावी लागते. हृदयविकाराचा एखादा माणूस "तीन तासांचाच तर प्रश्न" म्हणून निघाला तर? या मेसेजचा खरा राग मला इथे येतो.

विमानतळ आहे तो सेंट हेलेनावर. तोही 2016 मध्ये सुरू व्हायचा होता, पण धावपट्टीवरच्या दगाबाज वाऱ्यांमुळे नियमित प्रवासी सेवा ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाली. ती विमानं आफ्रिकेकडे जातात, ट्रिस्टनकडे नाही.

हेलिकॉप्टर? 2,800 किलोमीटर, मध्ये इंधन भरायला टिचभर जमीन नाही. ट्रिस्टनच्या फोटोंत कधी हेलिकॉप्टर दिसतं, ते दक्षिण आफ्रिकेच्या संशोधन जहाजावरून उडालेलं असतं.

कंपन्या लपवतात म्हणे. तिकीट विकणारा रस्ता लपवेल कशाला?

ट्रिस्टनला जायचंच असेल तर आधी तिथल्या आयलंड कौन्सिलची परवानगी, मग जहाजात जागा. विमानाचं तिकीट सर्वांत शेवटी, तेही केप टाउनपर्यंतचंच.