स्वतःला दहापैकी किती द्याल?

उमेदवार समोर बसला की वेळ दवडू नका. लॅपटॉपवर रेझ्युमे उघडेपर्यंत विचारून टाका, "एसक्यूएलमध्ये स्वतःला दहापैकी किती द्याल?" (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा.) दहा म्हणजे काय, ते मात्र सांगू नका. कुणाच्या लेखी दहा म्हणजे डेटाबेसचं इंजिन लिहिणारा, कुणाच्या लेखी दोन टेबलं जोडता येणारा. दोघांचे आकडे एक्सेलच्या एकाच रकान्यात भरा आणि जावा, स्प्रिंग या प्रोग्रॅमिंगच्या इतर कौशल्यांचे धरून सरासरी दोन दशांशांपर्यंत काढा. ७.३३ म्हटलं की कसं शास्त्रीय वाटतं.

रकानाभर सात-आठच दिसले तर दचकू नका. पोरं पढून आलेली असतात: नऊ म्हटलं तर समोरचा खोलात शिरतो, सहा म्हटलं तर एचआर नाव गाळतो. म्हणजे तुम्ही एसक्यूएल नव्हे, घासाघीस मोजली. असू द्या. मंडईत मेथी ताजी आहे का, हे आपण मेथीवालीलाच विचारतो ना? जुडी उलटून देठ बघणारे लोक संशयी.

१९९९ साली क्रूगर आणि डनिंग या दोघा मानसशास्त्रज्ञांनी उगाच खोडसाळपणा केला. त्यांच्या चाचण्यांत तळाच्या पाव गटाची कामगिरी १२व्या शतमकावर (म्हणजे शंभरात जेमतेम बाराजणांच्या पुढे) होती, आणि मंडळी स्वतःला ६२व्यावर समजत होती. वरच्या पाव गटाने उलट स्वतःला कमी लेखलं. हे वाचलंच असेल तर विसरा.

आणि मुख्य म्हणजे, कागद-पेन पुढे करू नका. नाहीतर मोह होईल: विभागांचं तीन ओळींचं टेबल, कर्मचाऱ्यांचं तीन ओळींचं, त्यातल्या एकाचा विभाग क्रमांक नल, म्हणजे भरलेलाच नाही. "एकही कर्मचारी नसलेले विभाग काढा." स्वतःला आठ देणारा झटकन 'नॉट इन' (कर्मचाऱ्यांच्या विभाग क्रमांकांच्या यादीत नसलेले) लिहील आणि उत्तरात शून्य ओळी येतील, विभाग रिकामा असूनही. कारण नलशी केलेली तुलना खरीही नसते, खोटीही नसते. ती 'अननोन' ठरते आणि ओळ गळते. स्वतःला पाच देणारा मात्र लिहिण्याआधी विचारेल, "या रकान्यात नल चालतो का?" आणि नलने न अडणारं 'नॉट एक्झिस्ट्स' लिहून मोकळा होईल. पाच मिनिटांत तुमच्या एक्सेलची अब्रू गेली! त्यापेक्षा पाचवाल्याला आकडा ऐकताच चहा पाजून वाटेला लावा.

आठवाला रुजू झाला की पहिल्याच महिन्यात त्याचा रिकाम्या विभागांचा रिपोर्ट कोरा येईल. साहेब खूश होतील: एकही विभाग रिकामा नाही!

पुढे अप्रेझलच्या फॉर्मात हाच प्रश्न येईल, फक्त पाचपैकी. तिथे त्याने स्वतःला पाच दिले तर मुकाट्याने तीन करून टाका. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तो फक्त नोकरी देताना. पगारवाढीला नाही.