भिंतीला तोंड फुटते

घरभर एकच गाणं वाजावं आणि ते भिंतीवरच्या पडद्याला बोट लावून बदलता यावं, अशी इच्छा कुठल्याही घरात एकाच माणसाला होते. बाकीच्यांना फक्त एवढंच हवं असतं, की ते बंद कुठून होतं ते सांग. आमच्या घरी इच्छा होणारा मी.

नाशकातलं आमचं रो-हाऊस तीन मजली. तयार सिस्टीमचं कोटेशन मागवलं. बायकोने ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "एवढ्यात गायक घरी येऊन गाणार आहे का?" असं विचारून तिने कागद माझ्या हातात दिला, आणि मी घरीच बनवायला घेतलं.

रास्पबेरी पाय नावाचा क्रेडिट कार्डाएवढा कॉम्प्युटर मिळतो. २०१२ साली तो बाजारात आला, तो शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून. मुलांचं काय झालं कोण जाणे, चाळिशीतल्या बापांचे रविवार मात्र त्याने खाल्ले. त्याला जोडायला पाय बनवणाऱ्यांचाच सात इंची टचस्क्रीन घेतला. ८०० × ४८० पिक्सेल, आणि एका वेळी दहा बोटं ओळखणारा. दहा बोटं कशाला लागतात, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. आमच्या घरातली माणसं त्याच्यासमोर एकदम उभी राहिलेली मी अजून पाहिली नव्हती.

सॉफ्टवेअर जमलं. खरा मुकाबला भिंतीशी होता. आमचे वायरमन आले, त्यांनी टचस्क्रीन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, टीव्ही एवढासाच मिळाला का?" मग स्वयंपाकघराच्या दाराशेजारची चार इंची भिंत निवडून त्यांनी छिन्नी लावली. झिरी मारताना उडालेला लाल धुरळा देव्हाऱ्यापर्यंत गेला. आईने देव ताटात उतरवून घेतले आणि देवांनाच उद्देशून म्हणाली, "थोडं सोसा, तो नवीन काहीतरी करतोय."

भिंतीत पत्र्याचा कन्सील बॉक्स बसला, त्यात रास्पबेरी पाय बसला, आणि वायफाय गेलं.

"पत्र्याच्या डब्यात मोबाइल ठेवल्यावर रेंज येते का, साहेब?" वायरमन म्हणाले. येत नाही. हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकवलं होतं, त्यांना डब्याने शिकवलं होतं. म्हणून नेटची वायर ओढायची ठरली.

तोवर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागली होती. पायला पाच व्होल्ट लागतात, आणि ते ४.६३ च्या खाली गेले की तो हे चिन्ह दाखवतो. दिवाणखान्यात अ‍ॅडॉप्टर लोंबकळताना दिसता कामा नये, असा गृहखात्याचा आदेश असल्यामुळे तो इन्व्हर्टरजवळ जिन्याखाली होता, आणि तिथून एक लांबलचक बारीक वायर पाइपातून वर येत होती. मुळात पाचच व्होल्ट. त्यातला अर्धा व्होल्ट जरी वाटेत सांडला तरी बोंब. वायरमननी मिस्त्रीकडून घेतलेली तंबाखू मळता मळता निकाल दिला. "गावात लाइट अकरा हजार व्होल्टने आणतात, मग डीपीवर कमी करतात. तुम्ही पाचाने आणताय." व्होल्टेज जास्त तर करंट कमी, आणि करंट कमी तर वायरीत वाया जाणारी वीजही कमी, हा सगळा धडा त्यांनी दोन वाक्यांत संपवला. शेवटी नेटच्याच वायरीतून ४८ व्होल्ट पाठवले आणि डब्यात एक छोटा कन्व्हर्टर बसवून त्याचे पाच केले. वीज चमकायची थांबली. "ही झाली तुमची डीपी," म्हणत वायरमननी झाकण लावलं.

यानंतर आवाजाचा घोळ. खोल्याखोल्यांतले स्पीकर आपापल्या सवडीने गात होते. दोन ठिकाणचा एकच आवाज साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत कानावर आला तर कान तो एकच धरतो. अंतर त्याहून फार वाढलं की प्रतिध्वनी. आमच्या जिन्यात उभं राहिलं की वरची गायिका खालच्या गायिकेला वेडावून दाखवते आहे असं वाटायचं. यावर स्नॅपकास्ट नावाचं फुकट आणि खरोखर सुंदर सॉफ्टवेअर आहे. ते आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहून सगळ्या खोल्यांत पाठवतं, आणि लिहिलेली वेळ झाल्याशिवाय कुणीही तोंड उघडायचं नाही असा दंडक घालतं. अमुक क्षणाला 'शुभमंगल सावधान', त्याआधी कुणी अक्षता टाकायच्या नाहीत, तसं. पहिल्यांदा सगळं घर एका सुरात गायलं तेव्हा मी जिन्यात नुसता वरखाली करत होतो. बायकोने विचारलं, "काही हरवलंय का?"

या शिस्तीची किंमत एक सेकंद. तुकडे आधी साठवायचे म्हणून एवढा अवकाश ठेवावा लागतो. परिणामी 'थांबा' दाबल्यावर गाणं लगेच थांबत नाही, तान पुरी करूनच थांबतं. कलेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण आईला ते पटत नाही. ती दाबते, गाणं चालूच राहतं. म्हणून ती पुन्हा दाबते. तोवर ते थांबलेलं असतं आणि दुसऱ्या दाबण्याने सुरू होतं. मग तिसऱ्यांदा. एक अख्खा अभंग तिने असा शब्दाशब्दाने ऐकला.

शिवाय तिचे हात कणकेचे. असा पडदा बोटाचा विद्युत स्पर्श ओळखतो; कणीक मध्ये आली की बिचकतो, पाण्याचा थेंब पडला की थेंबालाच बोट समजतो. आईने लाटण्याच्या टोकाने दाबून पाहिलं. लाकडाशी त्याची ओळखच नाही. मग तिने कोपर लावलं. कोपर चालतं, पण कोपराला नेम नसतो. आमटीला फोडणी पडत असताना घरभर मुलीची रॅपची यादी सुरू झाली.

बाबांची तक्रार वेगळीच होती. त्यांच्या खोलीत ट्रान्झिस्टर आहे, सकाळच्या बातम्या सुरू झाल्या की ते घड्याळ लावतात. मी तीच आकाशवाणी इंटरनेटवरून घरभर सोडली. इंटरनेटवरचं रेडिओ प्रक्षेपण खऱ्या रेडिओच्या बरंच मागे असतं. बाबा खोलीत ठळक बातम्या ऐकून दिवाणखान्यात आले, तर तिथे निवेदिका अजून नमस्कार करत होती. "तुझ्या भिंतीवर शिळ्या बातम्या येतात," ते म्हणाले. मी बफरिंग समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एवढा खर्च केलास, तर निदान ताज्या तरी घ्यायच्या होत्यास."

तरी बाबांना त्या पडद्याचा एक उपयोग सापडला. मध्यरात्री बाथरूमला जाताना उजेड हवा म्हणून ते त्याला हात लावू लागले. झोपलेला पडदा पहिल्या स्पर्शाने जागा होतो खरा, पण आमचा पडदा तोच स्पर्श खालच्या बटणालाही पोहोचवत होता. एका रात्री दीड वाजता तिन्ही मजल्यांवर सनई-चौघडा सुरू झाला. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून "कुणाचं ठरलं?" असं विचारलं. थांबवायला आम्ही सगळे पडद्यापाशी धावलो, आणि प्रत्येकजण दाबत सुटला. त्याने सगळी बोटं ओळखली.

दुसऱ्या दिवशी आईने मला न विचारता वायरमनना फोन केला. ते आले, पडद्याशेजारी दारावरच्या बेलसारखा एक पुश-स्विच बसवला आणि दोन वायरी माझ्याकडे करून म्हणाले, "ह्या तुमच्या कॉम्प्युटरला कुठेतरी जोडा." पायला बाहेर चाळीस पिना असतात, त्यांतल्या एकीला आणि ग्राउंडला मी त्या जोडल्या, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं की त्याच क्षणी सगळ्या खोल्यांचा आवाज शून्य. सेकंदाची वाट नाही, आणि कणकेचा हात, ओला हात, कोपर, लाटणं, सगळं चालतं. आईने ते दोनदा दाबून पाहिलं आणि मी ही सिस्टीम सुरू केल्यापासून पहिल्यांदा म्हणाली, "छान झालंय हो."

गेल्या आठवड्यात वायरमनचा फोन आला. "साहेब, कॉलेज रोडला एका गिऱ्हाइकाकडे तुमच्यासारखीच सिस्टीम बसवायचीये. प्रोग्रॅम तुम्ही द्याल ना?"

मला भरून आलं. म्हटलं, देतो की. टचस्क्रीन सात इंचीच घ्या म्हणावं, हल्ली मोठेही मिळतात, पण—

"नाही, ते म्हणतात स्क्रीन नको. फक्त ते बटण."