चाळिशीनंतर नोकरी नकोशी होते म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. मजकूर साधारण असा की पंचविशीत माणूस आशावादी असतो म्हणून नोकरीत खूश असतो, चाळिशी ओलांडली की निराशावादी होतो आणि मग नोकरी नकोशी वाटते, तेव्हा निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा, दृष्टिकोन बदला, नोकरी आपोआप आवडायला लागेल. खाली सूर्योदय आणि जोडलेले हात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याखाली 'अगदी खरं' 'अगदी खरं' ची रांग लागली होती. आता ह्यात खरं किती ते बघू.

आधी वयाचं. 1991 साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या सर्व्हेतले पाच हजारांहून जास्त नोकरदार घेऊन क्लार्क, ऑस्वाल्ड आणि वॉर ह्या तिघांनी त्यांचं कामातलं समाधान वयाप्रमाणे मांडलं, 1996 ला पेपर छापून आला. सुरुवातीला समाधान बरं, मग ते उतरत उतरत तिशीच्या आसपास तळाला जातं आणि तिथून रिटायरमेंटपर्यंत चढत राहतं. म्हणजे चाळिशीनंतर घसरण वगैरे सोडा, उलट चढणच आहे. ह्यावर कोणी म्हणेल की जे वैतागले ते आधीच सोडून गेले, उरले ते खूश दिसणारच, आणि ब्रिटन म्हणजे पुणे नाही. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पण आपल्याकडची तिशी तरी काय वेगळी असते? वाकडला नाहीतर रावेतला फ्लॅट बुक केलेला, ईएमआय चालू, पोराच्या नर्सरीची अ‍ॅडमिशन, आणि ऑफिसात ज्युनियर म्हणून कोणी सांभाळून घेत नाही, सिनियर म्हणून कोणी विचारत नाही. ह्या वयातल्या माणसाला 'तू तर अजून तरुण आहेस, खूश असशील' म्हणून बघा एकदा.

मग 'आशावादी म्हणून खूश' ह्याचं काय? इथे तर मेसेज सरळ उलटा पडतो. जर्मनीत 1984 पासून दरवर्षी त्याच त्या घरांत जाऊन सर्व्हे करतात, त्यात बरीच वर्षं लोकांना विचारलं जायचं की आज आयुष्यात किती समाधानी आहात आणि पाच वर्षांनी किती असाल. हानेस श्वान्ट ह्या अर्थतज्ज्ञानी ही उत्तरं पाच वर्षांनी खरं काय झालं त्याच्याशी ताडून बघितली. तरुणांनी अंदाज फारच वर धरलेला, वयस्करांनी गरजेपेक्षा खाली. प्रश्न नोकरीचा नव्हता, सगळ्या आयुष्याचा होता, पण नोकरीला हे चपखल बसतं असं माझं मत. अपेक्षा जितकी उंच तितका अपेक्षाभंग मोठा, हे सांगायला खरं तर जर्मनीपर्यंत जायचीही गरज नाही.

माझे एक मावसकाका भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवतात त्या विभागात आहेत, रिटायरमेंटला थोडीच वर्षं राहिलीत. कधीही भेटा, रडगाणं तयार. साहेबाला ड्रॉइंग वाचता येत नाही, ह्या दिवाळीला बोनसच्या नावानं ठणठण गोपाळ, नवीन पोरं मायक्रोमीटरसारखं बारीक मोजमापाचं नाजूक साधन पान्यासारखं आवळतात. मेसेजच्या हिशोबानी हा माणूस निगेटिव्हचा पुतळा. आणि नोकरी कशी आहे विचारलं की म्हणतात, 'चांगली आहे की, काम हातातलं आहे.' बोनस आला की पेढे घेऊन येतात कारण तो येईल असं धरलेलंच नव्हतं. कुरकुर करणं आणि नाखूश असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पुण्यात राहून एवढं तरी कळायला हवं राव.

आता निगेटिव्ह लोकांपासून लांब राहण्याचा सल्ला. जूली नोरेम आणि नॅन्सी कँटर ह्यांनी 1986 मध्ये अशा विद्यार्थ्यांचा अभ्यास केला जे आधीपासूनच वाईटाची तयारी ठेवतात, काय काय बिघडेल ह्याची मनात उजळणी करतात आणि त्या काळजीपोटीच नीट काम करतात. त्यांना 'काळजी करू नकोस, तुला छानच जमेल' असा धीर दिला तर त्यांचं काम बिघडलं! आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एक सॉफ्टवेअर टेस्टर बाई आहेत. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना सॉफ्टवेअर रिलीज करून घरी पळायचं असतं, हिंजवडीचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये, आणि ह्या शांतपणे विचारतात, 'रोलबॅकची स्क्रिप्ट कोणी चालवून बघितलीये का?' (रिलीज फसलं तर सगळं पहिल्यासारखं करणारा प्रोग्राम तो.) कॉलवर शांतता. मग सगळे मनातल्या मनात शिव्या घालतात आणि स्क्रिप्ट चालवतात, आणि ती अर्ध्यात अडकते. अशा बाईपासून लांब राहायचं म्हणजे शनिवार-रविवार ऑफिसात काढायचा.

एक गोष्ट मात्र मेसेजच्या बाजूनी आहे, ती लपवत नाही. सेलिग्मन आणि शुलमन ह्यांनी अमेरिकेतले विमा एजंट तपासले, त्यात आशावादी अर्ध्यांनी पहिल्या दोन वर्षांत निराशावादी अर्ध्यांपेक्षा 37 टक्के जास्त विक्री केली, शिवाय ते टिकलेही जास्त. बरोबरच आहे, दिवसभर फोनवर 'नको' ऐकायचं काम, तिथे आशा नसेल तर माणूस पंधरा दिवसांत पळेल. पण तो त्या कामाचा गुण झाला. अकाउंट्सला, मेंटेनन्सला, ऑपरेशन थिएटरला 'होईल सगळं छान' म्हणणारा माणूस मला तरी नको.

आणि शेवटचं, दृष्टिकोन बदला म्हणजे नोकरी आवडेल. स्वभावाचा वाटा असतो, नाही कोण म्हणतंय. 1989 मध्ये आर्वी आणि सहकाऱ्यांनी लहानपणापासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या 34 जोड्या बघितल्या, तर नोकरीतल्या समाधानातला माणसामाणसातला साधारण 30 टक्के फरक जन्मजात गोष्टींकडे जात होता. म्हणजे तेवढा भाग मेसेज वाचून बदलणारा नाही, आणि उरलेल्यात बॉस आला, पगार आला, काम आलं, शिफ्ट आली, भूमकर चौकात रोज जाणारा वेळ आला. आमच्याकडे एचआरनी मध्यंतरी पॉझिटिव्ह थिंकिंगचं सेशन ठेवलं होतं, कंपल्सरी, संध्याकाळी सहाला, आणि त्याच महिन्यात कॅब बंद केली. सेशननंतर फीडबॅक फॉर्म आला, त्यात बहुतेकांनी एकच ओळ लिहिली होती: कॅब कधी चालू करताय?